मे महिन्यातल्या सरावाला जबाबदार कोण?

पालघर जिल्ह्यात शालेय स्पर्धांचा हंगाम येतो तेव्हा मैदानात पाणी साचलेलं असतं. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, जुलैत प्रवेशिकांची धावपळ होते, ऑगस्ट-सप्टेंबरात तालुकास्तर, पाठोपाठ जिल्हास्तर, मग विभाग, मग राज्य. केळवे-माहीमच्या किनारपट्टीपासून जव्हार-मोखाड्याच्या घाटमाथ्यापर्यंत त्या दिवसांत मोकळ्या मैदानावर सलग आठवडाभर सराव मिळाला तर नशीब. खो-खोचे खांब चिखलात कलतात, लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू दगडासारखी बसते, कबड्डीचा संघ वर्गातली बाकं बाजूला सारून फरशीवर पायांच्या हालचाली करतो. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या गटांत उतरणारी ही मुलं तालुक्याच्या मैदानावर दिसतात, तेव्हा त्यांच्या अंगात जी काही तयारी असते ती पावसाळ्यातली नसते. ती आदल्या उन्हाळ्यातली असते.

म्हणजे आपल्याकडे संघ घडतो तो हंगामाबाहेर. वार्षिक परीक्षा संपल्यापासून शाळा उघडेपर्यंतच्या सहा-सात आठवड्यांत. आणि नेमक्या याच काळाबद्दल आपण काहीही लिहून ठेवलेलं नाही. स्पर्धेच्या नियमपत्रकात वयोगट असतो, जन्मतारखेचा पुरावा असतो, ओळखपत्र असतं, संघातली संख्या असते. मे महिना त्यात नसतो. त्या महिन्यात क्रीडाशिक्षकाने मुलांना किती वेळ मैदानावर बोलवावं, फी घ्यावी का, फोन कधी करावा, बाहेरगावी न्यावं तर कोणाच्या सहीने, मुलगी एकटीच आली तर काय करावं, मूल चक्कर येऊन पडलं तर जबाबदारी कोणाची, हे सगळं त्या त्या सरांच्या शहाणपणावर सोडलेलं आहे. बहुतेक सर शहाणे असतातच. पण शहाणपण हा नियम होऊ शकत नाही. ते माणसाबरोबर येतं आणि माणसाबरोबर जातं.

अमेरिकेत या प्रश्नाचा फार बारकाईने विचार झालेला आहे. तिथे शालेय खेळांचा कारभार राज्यवार संघटना पाहतात आणि त्यांच्या नियमावलीत हंगामाबाहेरच्या काळाचं स्वतंत्र प्रकरण असतं. केंटकी राज्यात दरवर्षी २५ जून ते ९ जुलै हे दोन आठवडे पूर्ण बंदीचे. त्या दिवसांत शाळेच्या प्रशिक्षकाने आपल्या खेळाडूला काही शिकवायचं नाही, शाळेचं मैदान वा व्यायामशाळा वापरायची नाही, शाळेचा गणवेश, गाडी, पैसा, काहीही त्या कामाला लावायचं नाही. टेक्सासमध्ये शाळेचं वर्ष चालू असताना शाळेच्या वेळेबाहेर एका खेळाचा सराव आठवड्याला आठ तासांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि रविवारी सराव नाही म्हणजे नाही. इतर राज्यांतही कमी-अधिक फरकाने असेच आराखडे आहेत.

हे नियम का आले, ते समजून घेतलं पाहिजे, कारण त्यांची सगळीच कारणं आपल्याला लागू होत नाहीत. एक कारण बरोबरीचं. ज्या शाळेकडे पैसा आणि पूर्णवेळ प्रशिक्षक आहे तिने वर्षभर मुलं राबवली, तर लहान शाळा स्पर्धेआधीच हरते. दुसरं कारण, एकाच मुलाला फुटबॉल, धावणं आणि कुस्ती तिन्ही खेळायचं असेल, तर तीन प्रशिक्षकांनी त्याला तीन बाजूंनी ओढू नये. तिसरं विश्रांतीचं, मुलाच्या आणि प्रशिक्षकाच्याही. चौथं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ‘ऐच्छिक’ सराव कधीच पुरता ऐच्छिक नसतो. मे महिन्यात शिबिर घेणारे आणि जुलैत संघ निवडणारे सर एकच असतील, तर ‘यायचं तर या’ या वाक्याचा अर्थ मूल बरोबर ओळखतं. आजोळी जायचं सोडून ते मैदानावर येतं. त्याच्या आईवडिलांनाही तो अर्थ कळतो, आणि शिबिराची फी उसनवारी करून भरली जाते. बंदीचे ते दोन आठवडे या दबावातून सगळ्यांना एकदम मोकळं करतात. कोणीच खेळत नाही, तेव्हा न खेळणारा मागे पडत नाही.

जपानची कहाणी जास्त दुखरी आहे. तिथे शाळेनंतरचा क्रीडा-सराव हा शालेय आयुष्याचा मोठा भाग. सुटी नाही, रविवार नाही, आणि वर्षानुवर्षं कित्येक ठिकाणी प्रशिक्षकाची मारहाण ‘शिस्त’ म्हणून खपून जात असे. डिसेंबर २०१२ मध्ये ओसाकामधल्या साकुरानोमिया हायस्कूलच्या बास्केटबॉल संघाच्या सतरा वर्षांच्या कर्णधाराने प्रशिक्षकाच्या मारहाणीनंतर जीव दिला आणि सगळा देश हादरला. पुढे २०१८ मध्ये तिथल्या क्रीडा खात्याने मार्गदर्शक सूचना काढल्या. आठवड्यात किमान दोन दिवस सुटी, त्यातला एक शनिवार-रविवारपैकी. शाळेच्या दिवशी सराव साधारण दोन तास, सुटीच्या दिवशी तीन. आणि दीर्घ सुट्ट्यांमध्ये मुलांना सलग विश्रांती मिळेल असा मोकळा काळ ठेवायचा. या सूचनांमागे वैद्यकीय कारण होतंच, पण प्रशिक्षक आणि मूल यांच्यातल्या सत्तेला कुठेतरी कुंपण घालण्याची गरजही होती.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर हा आठ तालुक्यांचा जिल्हा म्हणजे खरं तर दोन जिल्हे आहेत. रेल्वेलाइनच्या काठाने वसई, पालघर, बोईसर, डहाणू. आणि पूर्वेला विक्रमगड, जव्हार, मोखाडा. हंगामाबाहेरच्या संपर्काचा प्रश्न या दोन्हीकडे आहे, पण दोन्हीकडे तो एकमेकांच्या बरोबर उलटा आहे.

बोईसरमध्ये तारापूर औद्योगिक वसाहत आहे, तारापूर अणुऊर्जा केंद्राची वसाहत आहे, देशभरातून आलेले कामगार आणि अधिकारी आहेत. अणुऊर्जा शिक्षण संस्थेच्या शाळा आहेत, राज्य मंडळाच्या आहेत, सीबीएसईच्या आहेत. इथल्या मुलाला मे महिन्यात प्रशिक्षक कमी पडत नाहीत, जास्त होतात. सकाळी शाळेच्या सरांचं शिबिर, संध्याकाळी क्रिकेट किंवा बॅडमिंटनची खासगी अकादमी, शनिवार-रविवारी लोकलने विरार-वसईला आणखी कुणाकडे तरी. २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हापासून हा प्रवास सोपा झाला, त्यामुळे तो लांबलाही. तीन प्रशिक्षक तीन आराखडे देतात आणि तिघांपैकी कोणालाच उरलेले दोघे काय करून घेतात ते माहीत नसतं. तेरा वर्षांच्या मुलाचा गुडघा दुखू लागतो, वाटीच्या खाली, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला उंचवटा येतो. ऑस्गूड-श्लाटर नावाची ही तक्रार उंची झपाट्याने वाढण्याच्या वयात उड्या आणि धावणं जास्त झालं की होते. हाड वाढत असतं, मांडीचा स्नायू आपल्या जोडाच्या जागी ते सतत ओढत राहतो. भार कमी केला की बहुतेक मुलं बरी होतात. पण भार कमी करायला तो एकूण किती आहे हे कोणाला तरी ठाऊक असावं लागतं.

अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये यासाठी साधे आकडे दिले. आठवड्यात एक-दोन दिवस त्या खेळापासून पूर्ण सुटी, आणि वर्षात एकूण तीन महिने आपल्या मुख्य खेळापासून दूर, हवं तर महिना-महिना करून. दूर म्हणजे पलंगावर लोळत नव्हे. पोहा, सायकल चालवा, झाडावर चढा, दुसरं काही खेळा. नीरू जयंती या क्रीडावैद्यकतज्ज्ञाच्या आणि सहकाऱ्यांच्या २०१५ च्या अभ्यासात आणखी एक सोपी खूण सापडली: आठवड्यातले संघटित सरावाचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त झाले की दुखापतीची शक्यता वाढते. बारा वर्षांचं मूल, तर आठवड्याला बारा तास ही वरची मर्यादा समजावी. बोईसरच्या कोणत्याही पालकाने आपल्या मुलाचे तिन्हीकडचे तास एकदा कागदावर बेरीज करून पाहावेत.

शिवाय इथली हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये औद्योगिक क्षेत्रांचं जे मूल्यमापन केलं, त्यात तारापूर देशातल्या सर्वांत प्रदूषित क्षेत्रांमध्ये अगदी वरच्या स्थानी होतं. धावणारं मूल बसलेल्या माणसापेक्षा कितीतरी पट हवा छातीत घेतं. वसाहतीजवळच्या रस्त्यावर उग्र दर्प येत असताना मुलांना पाच किलोमीटर पळवणं याला मी सराव म्हणणार नाही. सकाळी कुठे धावायचं, त्या दिवशी धावायचं की आत बसून ताणाचे व्यायाम करायचे, हा निर्णय कोणी घ्यायचा तेही ठरलेलं असायला हवं.

आणि ऊन. किनारपट्टीचं तापमान विदर्भासारखं पंचेचाळीसला जात नाही, म्हणून आपण गाफील राहतो. पण मे महिन्यात इथल्या हवेत इतकी आर्द्रता असते की घाम अंगावरून वाहतो, सुकत नाही. आणि घाम सुकल्याशिवाय शरीर थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उन्हाने चौदा जणांचा बळी घेतला. ती माणसं धावत नव्हती, बसलेली होती. कोकणातल्या एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर मुलांना मैदानावर ठेवणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी. उन्हाची सवय शरीराला लागते, पण तिला दहा ते चौदा दिवस लागतात. अमेरिकेतल्या क्रीडा-प्रशिक्षण तज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २००९ मध्ये शालेय खेळाडूंसाठी चौदा दिवसांचं वेळापत्रकच सुचवलं: सुरुवातीला थोडा वेळ आणि हलका पोशाख, भार हळूहळू वाढवायचा. आपल्याकडे शिबिराचा पहिला दिवस सर्वांत कडक असतो. कोण टिकतो ते पाहण्यासाठी. ही रीत बदललीच पाहिजे.

आता पूर्वेकडे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणूचा डोंगरी भाग, तलासरी. इथली पुष्कळ मुलं आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांत राहतात. डहाणू आणि जव्हार अशी दोन प्रकल्प कार्यालयं त्यांचा कारभार पाहतात. वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी, ठाकूर घरांतली ही मुलं पायाने मजबूत, दमदार. आश्रमशाळांच्या स्वतंत्र क्रीडास्पर्धाही होतात, आधी प्रकल्पस्तर, मग विभाग, मग राज्य. त्यात ही मुलं अनवाणीसुद्धा अशी धावतात की पाहणाऱ्याने घड्याळ पुन्हा तपासावं.

पण मे महिना आला की वसतिगृह रिकामं होतं. मूल पाड्यावर जातं. काही मुलांचे आईवडील तेव्हा तिथे नसतातच. दिवाळीनंतर ते वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेले असतात आणि मूलही तिकडे जातं. शाळेत तीन वेळा मिळणारं जेवण थांबतं. पाणी आणायला डोंगर उतरावा लागतो. सर नाहीत, मैदान नाही, फोनला रेंज नाही. या मुलाच्या बाबतीत प्रशिक्षकाने जास्त संपर्क ठेवण्याचा धोका नाहीच. धोका हा आहे की दीड महिना त्याच्याशी कोणाचाच संपर्क राहणार नाही, आणि जूनमध्ये ते शाळेत परतेल की नाही, हेच कोणाला सांगता येणार नाही.

सराव थांबला की शरीराचं काय होतं, ते ठाऊक आहे. दमश्वास सर्वांत आधी उतरतो. दोन-चार आठवड्यांत रक्तातल्या पाण्याचा अंश आणि हृदयाची एका ठोक्याला रक्त फेकण्याची क्षमता कमी होऊ लागते. स्नायूंची ताकद जास्त टिकते, महिनाभर तरी. शिवाय पाणी-लाकूड वाहणारं, डोंगर चढणारं मूल काही निष्क्रिय नसतं. त्यामुळे त्याची तब्येत घसरते ती सराव सुटल्यामुळे कमी आणि अन्न घटल्यामुळे जास्त. वावर-वांगणीच्या १९९२ सालच्या बालमृत्यूंनी हा डोंगरपट्टा देशाला माहीत झाला. त्याला तीन दशकं उलटली, पण पोटाचा प्रश्न इथल्या उन्हाळ्यात अजून संपलेला नाही. खाणं कमी आणि मेहनत जास्त असं गणित काही आठवडे चाललं, तर शरीर काटकसर सुरू करतं: वाढ मंदावते, मुलींची पाळी लांबते किंवा थांबते, हाडं ठिसूळ होतात, दुखापत भरून यायला वेळ लागतो. म्हणून डोंगरी भागातल्या सुटीतल्या शिबिराचा पहिला नियम माझ्या मते एकच असला पाहिजे: जिथे जेवण देता येत नाही तिथे सराव घ्यायचा नाही. केळं, उकडलेली अंडी, शेंगदाणे-गूळ, डाळ-भात, काहीही चालेल. पण उपाशी पोटी फेऱ्या नकोत.

याच डोंगररांगेच्या पलीकडे, मोखाड्याला लागून असलेल्या हरसूलच्या परिसरात सावरपाडा आहे. तिथली कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकली. तिच्यामागे नाशिकचे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांचं वर्षानुवर्षांचं काम होतं. पाड्यावरच्या मुलीला अशा मुक्कामापर्यंत पोचायचं, तर कोणीतरी मोठं माणूस तिच्या आयुष्यात सातत्याने असावं लागतं. केवळ ऑगस्ट ते डिसेंबर नव्हे. केंटकीची बंदी जशीच्या तशी उचलून मोखाड्यात लावली, तर हा धागा तुटेल. आणि मोखाड्याला हवी असलेली मोकळीक बोईसरच्या अकादम्यांना दिली, तर तिथल्या मुलांचे गुडघे आणि सुट्ट्या दोन्ही जातील. म्हणून ‘संपर्क किती’ हा प्रश्न आपल्याकडे दुसऱ्या क्रमांकावर येतो. पहिला प्रश्न, संपर्क कोणाच्या डोळ्यांदेखत.

याबाबतीत कायदा आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ पुढे गेलेला आहे. बाललैंगिक अत्याचारविरोधी पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला. शाळेचा कर्मचारी, किंवा मुलावर विश्वासाचं वा अधिकाराचं स्थान असलेली व्यक्ती, यांनी केलेला गुन्हा तो अधिक गंभीर मानतो. आणि तो गुन्हा संस्थेत घडला, मुलाच्या घरी घडला की आणखी कुठेही, याने फरक पडत नाही असं त्यातच लिहिलेलं आहे. ‘सुटी होती’, ‘शाळेबाहेर होतं’, ‘शिबिर खासगी होतं’ या सबबींना तिथे जागा नाही. लैंगिक हेतूने मुलाचा सतत पाठलाग करणं, किंवा फोन-इंटरनेटवरून वारंवार संपर्क साधणं, हाही त्या कायद्याखाली गुन्हा आहे. आणि असं काही घडल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थाप्रमुखाने लपवलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुख्याध्यापकांच्या खोलीत ‘आपसात मिटवू’ हे वाक्य उच्चारलं जातं, तेव्हा ते स्वतःच्या कैदेची तजवीज करत असतात.

मारहाणीबद्दल शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आहे: शारीरिक शिक्षा नाही, मानसिक छळ नाही. मैदानावर छडीऐवजी दिलेल्या शंभर बैठका किंवा उन्हात उभं करणं हेही शिक्षाच. त्याच कायद्याचं कलम २८ शिक्षकाला खासगी शिकवणी करायला मनाई करतं. हा कायदा आठवीपर्यंतच्या शिक्षणाला लागू होतो, आणि मैदानावरची फी घेऊन घेतलेली शिकवणी त्यात किती बसते यावर वकील वाद घालतील. पण ज्या मुलाकडून मेमध्ये पैसे घेतले त्याचीच निवड जुलैत आपल्या हातात असणं, ही गोष्ट कायद्याच्या आधी साध्या न्यायाला धरून नाही. शिबिराची फी घ्यायचीच असेल तर ती शाळेच्या पावतीने घ्यावी, आणि संघनिवडीत दुसरी एखादी व्यक्ती बसवावी.

खेळाच्या जगानेही अलीकडे या गोष्टी फार महाग धडे घेऊन शिकल्या. अमेरिकेतल्या जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरने शेकडो मुलींवर केलेल्या अत्याचारांनंतर २०१८ मध्ये तिथे कायदा झाला. त्यातून आलेल्या नियमांचं सूत्र मला फार आवडतं: मोठं माणूस आणि लहान खेळाडू यांची भेट कोणालाही दिसेल आणि कोणालाही मध्येच थांबवता येईल अशी असावी. प्रशिक्षकाचा संदेश मुलाला जाताना पालकालाही जावा. इंग्लंडने २०२२ मध्ये शिक्षकांवर असलेली ‘विश्वासाच्या स्थाना’ची कायदेशीर बंधनं क्रीडाप्रशिक्षकांवरही घातली. त्याच वर्षी आपल्याकडे, स्लोव्हेनियातल्या सराव दौऱ्यात एका सायकलपटू महिलेने प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केल्यानंतर, भारतीय क्रीडा प्राधिकरणाने महिला खेळाडूंच्या पथकासोबत महिला प्रशिक्षक असणं सक्तीचं केलं. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शाळांतील सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी, तक्रारपेटी, सखी-सावित्री समिती यांबद्दल कडक आदेश काढले. ते चांगलेच झाले. पण सीसीटीव्ही शाळेच्या भिंतीवर असतो. मे महिन्यातलं मैदान, जीपमधला प्रवास, नाशिक-ठाण्याच्या स्पर्धेतला मुक्काम, रात्री अकराचा व्हॉट्सअॅप संदेश, यांच्यावर तो नसतो.

एक गोष्ट इथे अनेकांच्या ध्यानात येत नाही. शाळेचा हंगाम संपतो तेव्हा गावाचा सुरू होतो. भात झोडून झालं की पालघर, सफाळे, मनोरपासून थेट विक्रमगडपर्यंत रात्रीच्या दिव्यांखाली कबड्डीच्या आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटच्या स्पर्धा रंगतात, त्या पाऊस येईपर्यंत. नववीतला चांगला चढाईपटू शाळेच्या दृष्टीने सुटीवर असतो, पण मंडळासाठी तो आठवड्यात तीन रात्री खेळत असतो, प्रौढांच्या संघात, प्रौढांच्या पकडीखाली. बक्षिसाचा वाटा, जर्सी, मोटारसायकलवरून नेणं-आणणं, कधी पोरांच्या हाती नको ती बाटली. क्रीडाशिक्षकाला हे कळतं, पण बोलण्याचा अधिकार नाही असं वाटून ते गप्प राहतात. शाळेने एप्रिलमध्येच मंडळाच्या कार्यकर्त्यांना बोलावून सांगायला हरकत नाही, की सोळा वर्षांखालचं आमचं मूल खेळवायचं असेल तर पालकांची लेखी संमती घ्या, एका रात्रीत एकच सामना ठेवा, आणि घरापर्यंत सोडायला घरचं माणूस बोलवा. मंडळं गावाचीच असतात, मुलं त्यांचीही असतात. नीट सांगितलं तर ऐकतात.

एका शाळेला यासाठी मोठी नियमावली लागत नाही. एप्रिलच्या शेवटच्या पालकसभेत वाचून दाखवता येईल असं एक पान पुरे. शिबिर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, सकाळी साडेसहा ते साडेआठ, आठवड्यात पाच दिवस, आणि मेमधले सलग दोन आठवडे पूर्ण बंद. न आलेल्या मुलाला निवडीत तोटा नाही, हे ठळक अक्षरात. मैदानावर नेहमी दोन मोठी माणसं. मुली असतील तर त्यातली एक बाई, शिक्षिका नसेल तर कोणाची आई किंवा माजी खेळाडू ताई. स्नायू चोळणं, टेपिंग, वजन-उंची मोजणं उघड्यावर आणि दुसऱ्यांसमोर. संदेश फक्त गटावर, ज्यात पालक आणि मुख्याध्यापक असतील, आणि रात्री आठनंतर नाही. एकट्या मुलाला मोटारसायकलवर न्यायचं नाही. हा शेवटचा नियम आपल्या भागात सर्वांत जड जाईल, कारण एसटी चुकली तर सरांची गाडी हाच आधार असतो. तेव्हा निदान निघताना आणि पोचल्यावर घरी फोन, आणि तो फोन वहीत नोंदलेला. बाहेरच्या अकादमीत जाणाऱ्या मुलाने तिथले तास त्याच वहीत लिहायचे. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक मैदानाच्या खोलीच्या दारावर रंगवलेला.

आश्रमशाळेसाठी पान वेगळं होईल. तिथे बंदीऐवजी भेट लिहावी लागेल. सुटीत एकदा तरी पाड्यावर किंवा भट्टीवर जाऊन मुलाला पाहणं, त्याचं वजन घेणं, जून उजाडला की शाळेत यायचंय याची आठवण देणं. एकट्याने नको, अधीक्षक किंवा अंगणवाडीताई बरोबर घेऊन. पाड्यातल्या एखाद्या माजी खेळाडूला, जो आता पोलीसभरतीची तयारी करतोय आणि रोज पहाटे धावतोच, त्याला चार मुलं सोपवायची, पण घरच्यांना सांगून आणि नाव शाळेत नोंदवून. खेळाडूंना राज्यात सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. ते घरोघरी माहीत झालं तर आईवडीलही मुलाला जूनमध्ये परत पाठवायला राजी होतात.

हे सगळं ज्यांच्या खांद्यावर पडणार ते क्रीडाशिक्षक आज कोणत्या स्थितीत आहेत, तेही पाहायला हवं. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभरावर पट असेल तर आरोग्य-शारीरिक शिक्षणासाठी निदेशक सांगितला, तोही अंशकालीन. पुष्कळ शाळांत गणिताचे किंवा भूगोलाचे सरच शिट्टी गळ्यात घालतात. मे महिन्यातलं त्यांचं काम कोणी मोजत नाही. मुलगा जिंकला तर शाळेचा फलक, मुलगा पडला तर सरांची चौकशी. म्हणून मुख्याध्यापकाने सुटीतल्या शिबिराचा लेखी आदेश काढणं दोघांच्याही फायद्याचं आहे. त्या कागदाने शिबिर शाळेचं होतं, मुलाची जबाबदारी शाळेवर येते, प्रथमोपचार, पाणी आणि विमा यांचा खर्च शाळेकडून मागता येतो. आणि सरांनाही त्यांचं देणं मिळतं. दीर्घ सुटी लागू असलेल्या कर्मचाऱ्याला लेखी आदेशाने सुटीत कामावर थांबवलं, तर त्या प्रमाणात अर्जित रजा देण्याची तरतूद सेवानियमांत आहे. तोंडी ‘सर, जरा पोरांकडे बघा’ म्हटल्याने यातलं काहीच मिळत नाही. पालघरमधल्या शाळांनी पुढच्या एप्रिलमध्ये एवढा एक आदेश टंकलिखित करून त्यावर शिक्का मारला, त्याची प्रत पालकसभेत लावली आणि तालुका क्रीडा अधिकाऱ्यांकडे पाठवली, तर सुरुवात करायला आणखी कोणाच्या परवानगीची गरज नाही.